वाळवीनं सोडलेली गाणी

“फस्त! सगळं फस्त केलं!”

मामा कपाटासमोर उकिडवे बसून ओरडत होते. हाताला लागलेलं भाकरीचं पीठ तसंच घेऊन मी धावले. कपाटामागच्या भिंतीतून वाळवी चढली होती. कॅसेटी शाबूत होत्या. प्लास्टिकला, टेपेला तिनं तोंडसुद्धा लावलं नव्हतं. पण डब्यांतले कागद, कॅसेटींवर डिंकानं चिकटवलेल्या पट्ट्या, त्यांवरची मामांच्या वळणदार अक्षरातली नावं, सगळ्याची माती झाली होती.

“गाणी हायत की मामा,” मी म्हणाले. “नुसती नावं गेली.”

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग हातातली कॅसेट उलटीसुलटी करून बघत बसले.

“बरं झालं,” आत्ती दारातून म्हणाल्या. “आता तरी सकाळचा कर्णा बंद हुईल.”

मामा म्हणजे माझे सासरे, चनाप्पा कोरी. आमच्या गडहिंग्लजकडं सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्ती. मामांची ‘कोरी साउंड सर्व्हिस’ होती. लग्न, जत्रा, उरूस, बारसं, काही असलं तरी अँप्लिफायर, माइक आणि कर्णे आमच्या घरातून जायचे. त्यातला एक कर्णा मात्र कुठंच जायचा नाही. तो आमच्या गच्चीवर गल्लीकडं तोंड करून कायमचा बांधलेला होता. दूधवाला गल्लीतून बाहेर पडला की मामा मशीनच्या खोलीत जायचे, माइकवर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, “ह्यालो, ह्यालो. गल्लीतल्या मंडळींना चनाप्पा कोरीचा शरणु शरणार्थी. आजचं गाणं...”

दिवसाला एकच गाणं. आणि काल जे झालं त्या जातीचं आज नाही, हा नियम. काल भजनासारखं म्हटलेलं शरणांचं वचन, तर आज तमाशातली गौळण. उद्या कव्वाली. मग कुठल्यातरी कानडी नाटकातलं पद, त्याच्यावर हिंदी सिनेमातलं हॉटेलातलं नाचगाणं, आणि त्याच्यावर कुणाच्यातरी वरातीतला नुसता बँड. जिथं जिथं सेट लावला तिथून मामांनी काही ना काही टेप करून आणलेलं होतं. माझा मुलगा आता फोनवर एक बोट दाबतो आणि गाणी पत्त्यांसारखी पिसली जातात, त्याचं त्याला भारी नवल. आमची अख्खी गल्ली पिसलेल्या गाण्यांवर दात घासायची.

गाण्याआधी मामा गाण्याची सगळी कुंडली सांगायचे. कुणी म्हटलंय, कुठल्या गावात, त्या रात्री पेटीवाला रुसून कसा निघून गेला होता. सातवीनंतर मी जे काही शिकले ते वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून आणि ह्या कर्ण्यावरून. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. नवरा साखर कारखान्यात पाळ्यांवर असायचा, आत्तींचं माझ्याशी बोलणं कामापुरतं. पण सकाळी कर्ण्यातून मामा बोलायला लागले की मला वाटायचं, घरात कुणीतरी माझ्याशी गप्पा मारतंय.

म्हणून त्या दिवशी मी हौसेनं म्हटलं, “मामा, रोज एकेक लावून ऐकू. तुम्ही सांगा, मी नव्या पट्ट्या लिहिते. माझं अक्षर बरं हाय.”

हे मी कॅसेटींकडं बोट दाखवून आणि मग लिहिल्यासारखा हात करून सांगितलं. मामांचा चेहरा एकदम उतरला.

“हात लावायचा न्हाई कुणी!” ते ओरडले. “कुणी म्हणजे कुणी न्हाई!”

माझ्यावर ते त्याआधी कधी ओरडले नव्हते. आत्तींनी मला आत ओढलं. “त्यांना सांगून काय उपयोग? लग्न झाल्यापासून माझं एक अक्षर ऐकलं न्हाई त्यांनी, तुझं काय ऐकणार!”

दुसऱ्या दिवशी कर्णा वाजला तेव्हा त्यातून भलतंच निघालं.

“मंडळी, आजपासून नवी तऱ्हा. मी डोळे झाकून खोक्यात हात घालणार. हाताला लागंल ते लावणार. गाणं कुठलं, कुणाचं, ते मी सांगणार न्हाई. तुम्ही वळखायचं!”

गल्ली खूश. समोरच्या दस्तगीर टेलरच्या दुकानात सकाळी माणसं जमायला लागली. “कव्वाली, कव्वाली!” “गप रे, कव्वालीला टाळी आधी असती.” “चनाप्पाण्णा, ह्यो तर तुमच्या मेव्हण्याच्या लग्नातला बँड!” मामा खिडकीत उभे राहून सगळ्यांना हसून माना डोलवायचे, कुणाचं बरोबर कुणाचं चूक ते कधी सांगायचे नाहीत. शिवरात्रीच्या उपवासाला कोंबडीच्या रश्श्यावरची लावणी लागली. ईदच्या सकाळी वचन लागलं. दस्तगीरचाचा तोंडातला दोरा काढून म्हणाले, “असू दे, असू दे. शीरखुर्म्याबरोबर ग्वाड लागतंय.”

गाणं चालू असताना मामांचं लक्ष दोन ठिकाणी असायचं. एक, अँप्लिफायरच्या काचेतली, आवाजाबरोबर हलणारी सुई. दुसरं, दस्तगीरचाचांची खिडकी. चाचा मशीन चालवता चालवता एक हात वर करायचे, कधी खाली दाबल्यासारखा करायचे, आणि मामा लगेच बटण फिरवायचे. जुने दोस्त आहेत, राम राम चाललाय, असं मला वाटायचं.

गल्लीत ह्या सगळ्याला एकच घर वैतागलेलं होतं, कोपऱ्यावरच्या इराप्पाचं. त्यानं कर्ण्याविरुद्ध एकदा अर्जही दिला होता. गंमत अशी की त्याची म्हातारी आई, गंगव्वा, कर्ण्यावर जीव टाकायची. रोज सकाळी कट्ट्यावर येऊन बसायची आणि ओरडायची, “चनाप्पा, वचन लाव की रं! म्हातारीसाठी एक वचन लाव!” मामा हात जोडायचे आणि नेमकं कसलंतरी धिंगाण्याचं गाणं लागायचं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसायची.

ती गंगव्वा एका पहाटे झोपेतच गेली.

आमच्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं तिला मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात झेंडूच्या माळा, डोक्यावरून नवं लुगडं. बायका रडत होत्या, मीही त्यांच्यात उभी होते. गल्ली माणसांनी भरली होती. तेवढ्यात आमचा कर्णा खरखरला.

“मंडळी,” मामांचा आवाज जड झाला होता. “आज खोक्यात हात घातला न्हाई. आज शोधून काढलंय. गंगव्वानं लई दिवस मागितलं, मी दिलं न्हाई. आजचं गाणं तिच्यासाठी.”

बायकांनी रडणं थांबवून कर्ण्याकडं तोंडं केली. इराप्पानंसुद्धा डोक्यावरची टोपी काढली.

कर्ण्यातून आधी एक बाई खिदळली. मग ढोलकं, मग बिगुल, आणि मग त्या बाईनं हॉटेलातल्या कुठल्यातरी साहेबाला लाडिक आवाजात जवळ बोलवायला सुरुवात केली.

मला वाटलं आता बंद करतील. आता करतील. बाईनं दुसरं कडवं धरलं. मी पदर खोचून घराकडं पळाले, जिना चढले, मशीनच्या खोलीत शिरले आणि बटण दाबलं.

सगळीकडं शांत झालं.

मामा माइकसमोर हात जोडून, डोळे मिटून उभे होते. त्यांची मान हळूहळू डोलत होती. ओठ हलत होते. गाणं बंद झालेलं त्यांना कळलंच नव्हतं. त्यांच्या आत वचन चालू होतं आणि ते नीट, सावकाश, टाळ धरल्यासारखं पुढं चाललं होतं.

मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी डोळे उघडले. आधी मी दिसले. मग अँप्लिफायरची निपचित पडलेली सुई. मग परत मी. बोलून त्यांच्यापर्यंत काही पोचलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मला कळलंय हे त्यांना कळलं.

खाली दार वाजलं. इराप्पा जिना चढून आला, मागं चार-सहा माणसं, त्यांच्यामागं आत्ती.

“चनाप्पा! माझी आय दारात बसलीया आणि तू नाच लावतोस? अर्जाचा राग मयताच्या दारात काढतोस व्हय रं?”

मामा त्याच्या तोंडाकडं एकटक बघत होते. इराप्पा रडत होता, त्यामुळं ओठ धड हलत नव्हते. मामांनी अंदाज बांधला असावा. त्यांनी हात जोडले आणि मायेनं म्हणाले, “तिच्यासाठीच लावलं बाबा. मनापासनं लावलं.”

इराप्पानं हात उगारला.

त्या क्षणी काय काय डोक्यात आलं म्हणाल, तर लग्नसराई तोंडावर होती. स्टँडजवळ एकानं मोठमोठे बॉक्स आणून नवा सेट काढला होता, आणि मामा त्याला “डबेवाला” म्हणायचे. साउंडवाल्याचा कान गेला हे एकदा त्या खोलीतून बाहेर पडलं असतं तर मामांना पुन्हा माइक कुणी धरू दिला असता?

“मी लावली अण्णा,” मी म्हणाले. “मामांनी वचनाची काढून ठेवली होती. मी घाईत ही घातली. त्यांना मशीनचं बघायचं होतं म्हणून मी बटण दाबलं.”

इराप्पाचा हात तसाच राहिला. बाईमाणसावर तो हात उचलणारा नव्हता.

“कोऱ्याची सून,” तो म्हणाला, आणि आत्तींकडं वळला. “अक्का, पोरीला वळण नसंल तर माहेरी पाठव. इथं माणसं राहत्यात.”

सगळे उतरून गेले. मामा काचेतल्या सुईकडं बघत बसले होते. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं नव्हतंच, आणि ओठांवरून कळावं तर मी त्यांच्याकडं पाठ करून बोलले होते.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला तेव्हा त्याच्या आधी बातमी घरी पोचलेली होती.

“तुला कुणी सांगितलं होतं त्या मशीनला हात लावायला?”

“लागला हात.”

“मयताच्या दारात!” आत्ती म्हणाल्या. “गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई.”

“चार दिवस माहेरी जाऊन ये,” नवरा जरा मऊपणानं म्हणाला. “इराप्पाचं डोकं शांत होईस्तोवर. मी येतो न्यायला.”

माहेरी आमच्या शेजारी एक पोर होती, तीही चार दिवसांसाठीच आलेली, तिला न्यायला कुणी आलंच नाही. तिच्या लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेवर तिची आई आता कांदे वाळवायची. खरं काय ते मी एका वाक्यात सांगू शकत होते. रात्रभर ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पलीकडच्या खोलीत मामा खोकत होते. मी पिशवी भरली.

सकाळी दूधवाला येऊन गेला, पण कर्णा वाजला नाही. मी पिशवी घेऊन सोप्यात आले तर मामा खांबाला टेकून बसले होते.

“कुठं गं?”

“माहेरी,” मी म्हणाले.

“काय?”

आत्ती स्वयंपाकघरातून सुरू झाल्या. काल काय झालं, गल्ली काय म्हणाली, इराप्पा काय म्हणाला, आपल्या नशिबी कसली सून आली. सगळं एका दमात, वरच्या पट्टीत. मामा त्यांच्या तोंडाकडं बघत माना डोलवत होते. आत्ती दम घ्यायला थांबल्या तेव्हा ते माझ्याकडं बघून हसले.

“जाऊन ये, जाऊन ये. आईला शरणार्थी सांग. येताना घट्ट दही आण.”

मी खाली वाकून पाया पडले. डोळे पुसायला तेवढीच सवड मिळाली.

तेवढ्यात दस्तगीरचाचा माझं शिवायला दिलेलं झंपर घेऊन आले. चौकटीतच थांबले. पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग मामांच्या हसऱ्या चेहऱ्याकडं.

“चनूला सांगितलं न्हाई कुणी?” त्यांनी विचारलं.

“आत्ता इतका वेळ काय केलं मी?” आत्ती म्हणाल्या.

चाचांनी झंपर खांद्यावर टाकलं आणि मामांच्या पुढ्यात बसले. एक शब्द न बोलता त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मग हवेत एक बटण दाबलं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून, बसल्या बसल्या, ती हॉटेलातली बाई नाचून दाखवली. दाढीवाला माणूस खांदे उडवत नाचताना बघून दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून मेले असते. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या घराकडं हात केला, मुठी वळल्या, परत माझ्याकडं बोट केलं, आणि शेवटी अंगठा स्टँडच्या दिशेनं.

मामांचं हसू हळूहळू गेलं.

“हिनं लावलं म्हणून सांगितलं?” त्यांनी चाचांना विचारलं. “कुणी?”

चाचांनी पुन्हा माझ्याकडंच बोट केलं.

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि जिना चढायला लागले. पिशवीसकट. त्यामुळं मलाही मागोमाग जावं लागलं. चाचा आणि आत्ती आमच्यामागून आले.

मामांनी अँप्लिफायर चालू केला. सुई हलेपर्यंत माइकवर टिचक्या मारल्या.

“ह्यालो. ह्यालो. गल्लीतल्या मंडळींना चनाप्पा कोरीचा शरणु शरणार्थी. आजचं गाणं लावायच्या आधी एक सांगायचं हाय. काल गंगव्वाच्या माघारी जे वाजलं ते मी लावलं. माझ्या सुनंनं न्हाई. पांढरी, कोपरा उडालेली कॅसेट वचनाची, असं मला वाटलं. लावून खात्री करायला पायजे हुती. पण ती मला करता येत न्हाई.”

त्यांनी सुईकडं एकदा बघून घेतलं.

“मला ऐकू येत न्हाई. लई दिवस झाले. पट्ट्या हुत्या तवर वाचून सांगत हुतो. दस्तगीर खिडकीतनं हात करतोय म्हणून आवाज लावतोय. साउंडवाला बहिरा म्हटल्यावर कोण बोलावणार, म्हणून बोललो न्हाई. ज्यांनी लग्नाच्या तारखा दिल्या हायत त्यांनी दुसरीकडं बघायचं तर बघावं, माझा राग न्हाई. इराप्पा, तुझी आय मला बहिणीसारखी हुती. बास.”

खाली चाचांच्या दुकानातली शिलाईची मशिनंसुद्धा थांबली होती.

“ऐकू येत न्हाई?” आत्ती जिन्याच्या तोंडाशी मटकन बसल्या. “अगं बाई! मग इतकी वर्सं मी भांडत कुणाशी हुते?”

मामांनी माइक बंद केला नव्हता, त्यामुळं हेही गल्लीभर गेलं. कुठंतरी कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच दबलं.

मामांनी आता माइक बंद केला आणि खोकं ओढून माझ्यापुढं केलं. “घाल हात. आजचं गाणं तू लावायचं. आणि मला सांगायचं.”

मी डोळे मिटले. का मिटले कुणास ठाऊक, नावं तर कशावरच नव्हती. हाताला एक कॅसेट लागली ती घातली आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग एक खणखणीत, तरणाबांड आवाज. मागं घोड्याच्या टापा.

“ऐका हो ऐका! सर्व नागरिकांना कळवण्यात येते की जुन्या टाकीच्या दुरुस्तीमुळं उद्या नळाला पाणी सुटणार नाही. तरी सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावे! ऐका हो ऐका...”

मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. काल इराप्पाकडं बघत होते तसंच, जीव डोळ्यांत आणून.

“काय लागलंय गं?”

मी त्यांच्या कानाशी गेले, मग आठवलं, आणि समोर येऊन उभी राहिले. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, “तुम्ही. तुम्हीच लागलाय, मामा. टांग्यातनं दवंडी देताय.”

“नगरपालिकेची?” त्यांचे डोळे मोठे झाले. तरुणपणी, स्वतःचा सेट घ्यायच्या आधी, ते टांग्यात बसून गावभर दवंडी द्यायचे हे मला त्या दिवशी कळलं. “कसली हाय? जत्रेची का पाण्याची?”

“पाण्याची. उद्या नळाला पाणी न्हाई म्हणताय.”

दस्तगीरचाचांनी खिडकीतून खाली बघितलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी जाऊन वाकून बघितलं. कोपऱ्यावरच्या घरातून इराप्पाची बायको घाईघाईनं घागर घेऊन नळावर आली होती. तिच्यामागं आणखी दोघी. बघता बघता नळावर घागरींची रांग लागली. इराप्पा दारात उभा राहून बायकोकडं बघत होता, मग त्यानं वर कर्ण्याकडं बघितलं. कपाळावर हात मारला. आणि काल मयत झालेल्या घरातला तो माणूस, दाराची चौकट धरून हसायला लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले, आणि आमच्या खिडकीकडं बघून एकदा हात जोडले.

मामांनी ते बघितलं. त्यांनीही जोडले. त्यांचे हात उतरायला बराच वेळ लागला.

मी मशीनकडं वळले. “बायका पाणी भरायला लागल्यात, मामा. बंद करू का?”

मामांनी माझे ओठ नीट बघून घेतले. मग काचेतल्या सुईकडं बघितलं. ती जोरात नाचत होती.

“आवाज कसा हाय?”

“खणखणीत हाय.”

“कुठं फाटत न्हाई न्हवं?”

“न्हाई.”

“मग ऱ्हाऊ दे,” मामा म्हणाले, आणि माझी पिशवी भिंतीच्या खुंटीला अडकवून स्टुलावर बसले. “संपू दे.”